घरे बांधली नाहीत, भांडण मात्र उभे राहिले

‘आधी आपल्या माणसांना घरे द्या’ ही मागणी आयर्लंडमध्ये गेली काही वर्षे मोर्च्यांतून ऐकू येते आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिनच्या ईस्ट वॉल वस्तीतल्या एका रिकाम्या कार्यालयात निर्वासितांची सोय केली, तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. पुढे गावोगावी हेच झाले. निर्वासितांसाठी ठरवलेल्या काही इमारतींना आगीही लावल्या गेल्या. जेमतेम ५० लाखांच्या या देशाने युक्रेनच्या लाखभर लोकांना आसरा दिला आणि त्यानंतरच्या काळात सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांतल्या बेघरांची संख्या १५ हजारांवर गेली. एकामुळे दुसरे घडले, असे सामान्य माणसाला वाटले तर नवल नाही. पण ते खरे नाही.

२०१४ मध्ये बेघरांचा हा आकडा तीन हजारांच्या आसपास होता आणि २०१९ मध्येच त्याने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. युक्रेनवर हल्ला झाला २०२२ मध्ये. शिवाय आश्रयकेंद्रांतले निर्वासित या मोजणीत धरलेलेच नाहीत. मूळ दुखणे घरबांधणीचे आहे. २००६ मध्ये ८० हजारांहून अधिक घरे बांधणाऱ्या आयर्लंडमध्ये मंदीनंतर, २०१३ मध्ये, पाच हजारही घरे झाली नाहीत. स्थानिक संस्थांनी स्वतः घरे बांधणे जवळजवळ सोडून दिले आणि गरीब कुटुंबे खासगी घरमालकांच्या भरवशावर राहिली. मालकाने घर विकायला काढले की भाडेकरू बाहेर. मालवण तालुक्यातल्या वराडशी नाते असलेले लिओ वराडकर पंतप्रधान झाले, याचा आपल्याला अभिमान वाटला. पण भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची हंगामी बंदी मार्च २०२३ अखेर संपू दिली, ती त्यांच्याच सरकारने. २०२२ च्या जनगणनेत सुट्टीपुरती वापरायची घरे वगळूनही दीड लाखाहून अधिक घरे रिकामी आढळली होती.

विरोध करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे द्वेषातून येते, असे मानणे अन्यायाचे ठरेल. गावातले एकुलते एक हॉटेल कोणालाही न विचारता सरकारने घेतले की लग्नकार्ये, पर्यटक आणि रोजगार तिघांनाही फटका बसतो. युक्रेनी कुटुंबांना घर देणाऱ्यांना सरकार महिन्याला ८०० युरो देऊ लागले, तेव्हा भाड्याच्या घरांसाठी धडपडणाऱ्यांना ते खुपले, यातही तथ्य आहे. हे दोष धोरणाचे आहेत आणि ते सुधारलेच पाहिजेत. मात्र निर्वासिताला हाकलल्याने बेघराला घर मिळत नाही. मे २०२४ मध्ये डब्लिनच्या माउंट स्ट्रीटवर, निर्वासितांचे अर्ज घेणाऱ्या कार्यालयाबाहेरचे तंबू हटवून तिथे लोखंडी कठडे लावले गेले. काही दिवसांतच तसेच तंबू जवळच्या ग्रँड कॅनॉलच्या काठी उभे राहिले, मग तिथेही कुंपण आले. या साऱ्या खटाटोपात एकाही आयरिश कुटुंबाच्या हाती घराची किल्ली पडली नाही.

‘आधी आपली माणसे’ म्हणणाऱ्यांना खरोखर आपल्या माणसांची काळजी असेल, तर त्यांनी मोर्चा आश्रयकेंद्रावर नेऊ नये. सार्वजनिक घरे किती बांधणार, रिकामी घरे केव्हा वापरात आणणार आणि भाडेकरूला संरक्षण कधी देणार, हे प्रश्न घेऊन त्यांनी तो सरकारच्या दारात न्यावा. दोन बेघरांना एकमेकांशी झुंजवणारे सरकार दोघांचेही देणे लागते.