कोणत्या खोलीला कोणते दार?

गेल्या महिन्यात एका व्यापारी स्नेह्यांच्या नव्या घराच्या गृहप्रवेशास जाण्याचा योग आला. मुख्य दार उत्तम सागवानाचे होते. त्यावरील वेलबुट्टीचे कोरीव काम आणि पितळी कडी पाहून येणारा प्रत्येक पाहुणा क्षणभर थबकत होता. सर्व घर पाहून झाल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे न्हाणीघराचे दार उघडून पाहिले. ते जेमतेम दोन फूट रुंद, आत उघडणारे आणि आतून साधी कडी असलेले होते. या घरात 78 वर्षांच्या आजी राहणार आहेत. यजमानांच्या मुलाजवळ मी हा विषय काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, त्या दाराकडे कोण पाहतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. परंतु मंगलप्रसंगी ते सांगणे उचित वाटले नाही.

चौदा वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका पहाटे माझी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. ती पडली ती नेमकी दाराला टेकून. दार आत उघडणारे असल्यामुळे ते ढकलावे, तर सारा भार तिच्याच दुखऱ्या कमरेवर येई. बिजागऱ्या काढाव्यात, तर अशा दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना आतल्या बाजूस असतात. अखेर शेजारच्या इमारतीतील सुतारास झोपेतून उठवून आणले आणि त्याने दाराचा वरचा भाग कापला. तोवर पाऊण तास गेला होता. आईच्या खुब्याचे हाड मोडले होते, आणि त्या पाऊण तासात तीच आतून मला धीर देत होती. घर बांधताना मिस्त्रीने मला विचारले होते, "साहेब, हे दार कसं उघडायचं?" मी कागदावरून मान वर न करता सांगितले होते, "नेहमीसारखं."

बँकेतील नोकरीत गृहकर्जाची असंख्य अंदाजपत्रके माझ्या हातांखालून गेली. त्यांत मुख्य दाराचा खर्च बहुधा स्वतंत्र लिहिलेला असे आणि उरलेली सर्व दारे एका ओळीत उरकलेली असत. कर्ज मात्र 20 वर्षांचे असे. म्हणजे 45व्या वर्षी घर घेणारा गृहस्थ शेवटचा हप्ता भरतो तेव्हा 65 वर्षांचा असतो. माझे म्हणणे एवढेच की, दार निवडताना पहिला हप्ता भरणाऱ्यापेक्षा शेवटचा हप्ता भरणाऱ्या माणसाचा विचार करावा. या दृष्टीने एकेका खोलीकडे पाहू.

प्रारंभ न्हाणीघर आणि शौचालयापासून करतो. येथील दार शक्यतो बाहेर उघडणारे असावे. बाहेरचा बोळ अरुंद असेल, तर वरून टांगलेले सरकते दार लावावे; खाली रूळ असलेल्या सरकत्या दारात पाणी व कचरा साचतो आणि पाय अडखळतो. बाहेर उघडणाऱ्या दारावरून पाण्याचे थेंब बाहेर पडतात, ही तक्रार खरी आहे. दारासमोर पायपुसणे टाकले की ती बहुतांशी मिटते, मात्र ते न घसरणारे असावे. आतील कडी काढून, अडचणीच्या वेळी बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल असा खटका बसवावा. लाकडी दार येथे लवकर फुगते व कुजते, म्हणून पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचे दार योग्य. न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी दारावर विसंबू नये. गिझरच मोकळ्या हवेत, बाहेर हलवावा.

रुंदीचाही हिशेब करावा. अडीच फुटी चौकटीतून दाराची जाडी व बिजागरी वजा जाता मोकळी वाट सव्वादोन फुटांच्या आसपासच उरते, आणि चाकाची खुर्चीही साधारण तेवढीच रुंद असते. सुलभ इमारतींसाठीच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत 900 मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट मोकळी वाट सांगितली आहे. वडीलधाऱ्यांच्या शयनगृहाला आणि त्यालगतच्या न्हाणीघराला तरी ही रुंदी द्यावी. भिंत उभी राहण्यापूर्वी हे सहज साधते. नंतर मात्र भिंत फोडावी लागते.

शयनगृहाला भरीव गाभ्याचे फ्लश दार चांगले. पोकळ दार स्वस्त पडते, पण त्यातून आवाज येतो आणि त्यात बिजागरीचे स्क्रू सैल होतात. खरेदी करताना दारावर आयएस 2202 हे भारतीय मानक छापलेले आहे का, ते पाहावे. गोल मुठीपेक्षा आडवी मूठ बसवावी. सांधेदुखीच्या हातांना ती कोपरानेही दाबता येते.

स्वयंपाकघराला पुष्कळदा दार नसतेच. लावायचे असल्यास काचेचा भाग असलेले लावावे, म्हणजे दोन्ही हातांत भांडी घेऊन येणारी व्यक्ती पलीकडून दिसते. काच मात्र टफन्ड असावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून दाराखालची फट बुजवू नये आणि हवा खेळण्यासाठी भिंतीत तळाशीही झरोका ठेवावा. देवघराला दोन झडपांचे जाळीदार दार शोभते आणि सोयीचेही पडते. दिवा-धूप चालू असता आत कोंदटपणा राहत नाही.

मुख्य दारासाठी सागवान घ्यावे, यात मतभेद नाही. लाकूड मात्र नीट वाळवलेले असावे. दाराच्या वरच्या व खालच्या कडेला पॉलिश लावलेले आहे का, हे हात फिरवून तपासावे. या कडा कोऱ्या राहिल्या, तर पावसाळ्यात ओल तेथूनच शिरते. आषाढ-श्रावणात दार फुगून अडकले, तर लगेच रंधा मारू नये. उन्हाळ्यात तेथे फट पडते. दार सावकाश मिटवणारा क्लोजरही बसवावा. त्याने नातवंडांची बोटे वाचतात आणि बिजागरीच्या फटीत दडलेली पालही.

गृहप्रवेशानंतर चार दिवसांनी मी त्या मुलाला दूरध्वनी करून माझ्या आईची हकिकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. सुतार बोलावून चौकटीची खाच बदलून घेतली, दार आता बाहेर उघडते, आणि आजींनी स्वतः खटका फिरवून पाहिला.

वाचकहो, ज्यांना लगेच दार बदलणे शक्य नाही, त्यांनी निदान या रविवारी न्हाणीघराची आतील कडी बदलून घ्यावी. तासाभराचे काम आहे.