मे महिन्यात आम्हाला कामावर घ्या

प्रति,
मा. संचालक,
केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र,
खडकवासला, पुणे

ताम्हिणी परिसरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पावसाळ्यात आमच्या वर्गामागे एक प्लॅस्टिकची बाटली ठेवलेली असते. वरचा भाग कापून उलटा बसवलेला, बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली. २५ जुलै २०२४ ला अतिवृष्टीमुळे सुट्टी होती. शाळा भरली तेव्हा बाटली काठोकाठ भरून सांडत होती. नोंदीची पाळी असलेल्या मुलीने विचारलं, "बाई, वहीत किती लिहायचं?" मी म्हणाले, "भरली, असं लिही."

त्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस पडल्याचं नंतर बातमीत वाचलं. आमची बाटली अडीचशेची. घाटमाथ्यावर राहून मी अडीचशेचं मापक बसवलं होतं. एखादं साधन करण्याआधी ते किती सोसणार आहे हे ठरवावं लागतं, ही गोष्ट मला पदवीत कुणी शिकवली नव्हती, बी.एड.लाही नाही. माझ्या प्रयोगवहीतल्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक होतं. लंबकाचं वाचन ९.८ च्या जवळ आलं नाही, तर आम्ही वाचनच दुरुस्त करायचो. आज त्याच सवयीने मी मुलांना शिकवते, आणि ते मला डाचतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं घेऊन आले आहे. तुमची संस्था १९१६ पासून पाण्यावर काम करते आहे. धरणं, सांडवे, बंदरं प्रत्यक्ष बांधण्याआधी तुमच्या आवारात त्यांच्या प्रतिकृतींवर पाणी सोडून पाहतात. अशा प्रतिकृतीत केवढं शालेय विज्ञान आहे! समजा, प्रतिकृती शंभरपट लहान केली. लांबी शंभराव्या हिश्शावर आली, पण गुरुत्वाकर्षण काही लहान करता येत नाही. दहावीच्या पहिल्याच धड्यातलं सूत्र लावलं, तर शंभरपट कमी उंचीवरून पडायला वेळ दहापटच कमी लागतो. म्हणजे नदीतला एक तास प्रतिकृतीत सहा मिनिटांत उरकतो. आणि प्रवाह? तो एक लाखपट कमी. एक लाख क्युसेकचा पूर तिथे एका क्युसेकमध्ये, सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर पाण्यात, उभा करता येतो. हा हिशेब मी फळ्यावर मांडू शकते. पण पाणी सोडल्यावर तो कुठे चुकतो, पृष्ठभागाचा खडबडीतपणा कसा आड येतो, वाचन पटलं नाही तर तुमचे शास्त्रज्ञ दुसऱ्या दिवशी काय करतात, हे मला ठाऊक नाही. मुलांना नेमकं तेच दाखवायचं आहे.

आमच्या मुलांना पाण्याची अभियांत्रिकी नवी नाही. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, हे त्यांना पाठ आहे. १९२१ साली सेनापती बापटांनी याच धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, हेही घरातून कानावर आलेलं. पाण्याखाली कुणाच्या जमिनी गेल्या हे ज्यांना सांगता येतं, त्यांना त्या पाण्याचा दाब मोजायलाही शिकवायला हवं.

मागणं छोटं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चार आठवडे, मुळशी, वेल्हे, मावळातल्या पाच-सहा विज्ञान शिक्षकांना एखाद्या चालू प्रकल्पावर मदतनीस म्हणून घ्या. व्याख्यानं नकोत, प्रशिक्षणाच्या नावाखाली पडद्यावरची चित्रं आम्ही पुष्कळ पाहिली. पाण्याची पातळी मोजायला, नोंदी ठेवायला, चुकलो तर पुन्हा मोजायला लावा. राहायची सोय आणि प्रवासखर्च मिळावा, आणि हे दिवस सेवांतर्गत प्रशिक्षणात धरले जावेत म्हणून शिक्षण विभागाला तुमचं एक पत्र जावं. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे.

अमेरिकेत हे नवं नाही. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर शाळेतले शिक्षक उन्हाळ्यात विद्यापीठांच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत काम करतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९९० पासून विज्ञान शिक्षकांना संशोधनात घेतलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. शिक्षक या संशोधनात येण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचा निकाल इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांइतकाच होता. तीन-चार वर्षांनी उत्तीर्ण होण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघालं. परीक्षेच्या आकड्यावर माझा फार जीव नाही, पण फरक शिक्षकात पडला की तो वर्गात उतरतो, एवढं त्यातून दिसतं.

बाटलीच्या जागी आता आम्ही मोठा डबा आणि नरसाळं बसवलं आहे. ५५६ सहज मावतील. पण नवी अडचण उभी राहिली. इथला पाऊस आडवा येतो. भिंतीजवळचा डबा आणि मैदानातला डबा एकाच रात्री वेगळे आकडे दाखवतात, आणि खरा कोणता हे मुलं मला विचारतात. मला सांगता येत नाही. दोन्ही डब्यांच्या नोंदी आम्ही ठेवतो आहोत. तुम्ही बोलावलंत, तर ती वही सोबत आणेन.

आपली,
ताम्हिणी परिसरातील एक विज्ञान शिक्षिका