तलाव तपासायचा तर पहाटे चारला या!

फुटाळ्यावर आपण जातो ते संध्याकाळी. भुट्टा, सेल्फी, थोडी हवा. तलावाचा खरा कस मात्र पहाटे चारच्या सुमारास लागतो आणि तेव्हा काठावर कुणीच नसतं.

दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हाच्या जोरावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतात, ऑक्सिजन सोडतात. रात्री उलटं होतं. वनस्पती, मासे, गाळातले जिवाणू असे सगळेच ऑक्सिजन ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यात सांडपाणी मिसळलं की जिवाणूंना खाद्यच मिळतं. सूर्योदयाआधी ऑक्सिजन सर्वात कमी, कार्बन डायऑक्साइड सर्वात जास्त. सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

मग मोजायचं कसं?

जुनी पद्धत म्हणजे बाटलीत नमुना घेऊन त्यात पाणी गुलाबी होईपर्यंत अल्कलीचे थेंब टाकणं. पण बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत, उघड्या सोड्यासारखा, वायू उडून गेलेला असू शकतो.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर थेट पाण्यातच बसतो. मुळात तो रक्तासाठी बनला. 1950च्या दशकात अमेरिकी डॉक्टर जॉन सेव्हरिंगहाउस यांनी त्याला वापरण्याजोगं रूप दिलं. पुढे एक पातळ पडदा, ज्यातून वायू जातो पण पाणी जात नाही. मागे बायकार्बोनेटचं द्रावण आणि पीएच मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड. वायू आत शिरला की कार्बोनिक आम्ल तयार होतं, पीएच उतरतो, व्होल्टेज बदलतं. वायू दहापट वाढला तर 25 अंशांना फरक सुमारे 59 मिलिव्होल्टचा. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात याच तापमानाला लिटरमागे साधारण 0.6 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. आकडा त्यावर गेला की समजायचं, तलाव वायू हवेत सोडतोय.

अडचणीही आहेत. सडक्या गाळातला, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्याच पडद्यातून शिरतो आणि आकडा बिघडवतो. पडद्यावर शेवाळ चढतं. (इंजिनीअरिंगला असताना मी पीएचचा इलेक्ट्रोड एकदा कोरडा ठेवला होता. तो पुन्हा कधी ताळ्यावर आला नाही.)

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आंघोळीयोग्य पाण्याच्या निकषांत पीएच, ऑक्सिजन, बीओडी आहेत. कार्बन डायऑक्साइड नाही. जे निकषात नाही, ते कोण विचारणार? नीरीसारखी संस्था 1958 पासून ज्या शहरात आहे, तिथे हे पटत नाही. फुटाळ्यात संगीत कारंजं उभं राहू शकतं, तर फुटाळा, अंबाझरी आणि गांधीसागरात एकेक तरंगता सेन्सरही बसू शकतो, शेजारी ऑक्सिजनचा सेन्सर आणि दर तासाचा आकडा मोबाइलवर. फक्त निविदेत खरेदीबरोबर सफाई आणि कॅलिब्रेशनचे पैसेही धरा. नाहीतर काही महिन्यांत तो शेवाळ धरलेला डबाच होईल.

तोवर महापालिकेला एवढं तरी जमेल: हातात धरायचा एक ऑक्सिजन मीटर, एक कर्मचारी आणि आठवड्यातून एकदा पहाटे चारची फेरी.