छत्तीस कडवी, पस्तीस हात

मंडळी, विषय जपानचा आहे, पण शेवटी आपल्याच घरात येतो, तेव्हा वाचाच.

२००३ साली जपानमध्ये 'फुयु नो हि', म्हणजे 'हिवाळ्याचे दिवस', नावाचा अॅनिमेशनपट निघाला. मूळ काव्य १६८४ सालचं, बाशो आणि नागोयाच्या कवींनी मिळून रचलेलं. एकाने कडवं म्हणायचं, दुसऱ्याने धागा धरून पुढचं जोडायचं. अशी ३६ कडवी. किहाचिरो कावामोतो या बाहुलीपटांच्या उस्तादाने ती देशोदेशीच्या ३५ कलाकारांना वाटून दिली. पहिलं कडवं रशियाच्या युरी नॉर्स्टीनला. प्रत्येकाचा हात वेगळा, तरी माळ एकच!

आता सांगा, हे ओळखीचं वाटतं की नाही? जात्यावर दोघी बसायच्या. एकीने ओवी उचलायची, दुसरीने जोड द्यायची. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळू लागल्या.

पण ऐकणार कोण? आमच्या सिद्धेश्वरला पीठ गिरणीतून येतं. जातं निघतं ते लग्नात, हळदीच्या वेळी. पोरं बघतात डोरेमॉन आणि शिनचॅन. त्यात त्यांची चूक नाही. त्यांना आपलं काही हलतं-बोलतं दाखवलंच नाही कुणी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : ३६ ओव्या निवडाव्यात आणि ३६ चित्रकारांना द्याव्यात. एका ओवीला अर्धा मिनिट धरला तरी सगळा खेळ अठरा मिनिटांचा. अॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांनासुद्धा जमेल.

कुणी म्हणेल, चित्र आलं की ऐकणं संपतं. शब्दाला शब्द चित्र काढलं तर संपेलच. जपान्यांनी तसं केलं नाही, कडव्याने जे सुचवलं ते काढलं. मात्र माझी एक अट आहे. आवाज त्या बाईचाच हवा, आणि तिचं नाव चित्रकाराच्या आधी यायला हवं. तिचं नाव फक्त ओवीतच राहू नये.

असो. ब्लॉगवाल्या दोस्तांनो, पटतंय का ते लिहा. आणि मावशी, आत्या, मामी... तुमच्याकडच्या ओव्या फोनवर म्हणून पाठवा. कुणाकडून ऐकली तेही सांगा. सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.