मय्यतीच्या घरातलं लहान मूल

घरात मय्यत झाली की लहान मुलाला आधी शेजारी पाठवलं जातं. इकडे पाणी तापतं, कफन येतं, कापराचा वास घरभर पसरतो, मशिदीतून जनाजा आणला जातो. पुरुष कब्रस्तानात जातात, माती देऊन परततात. मूल घरी येतं तेव्हा दादीची खाट रिकामी असते. ते विचारतं, ‘दादी कहाँ गई?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘अल्ला के घर गई.’ मूल रडायला लागलं की कुणीतरी जोडून देतं, ‘आएगी, आएगी.’ बारामतीत मी हे पाहिलं आहे, इंदापुरातही पाहिलं आहे. शेजारच्या हिंदू घरात आजी देवाघरी जाते आणि चांदणी होते, एवढाच फरक.

‘अल्लाहकडे गेली’ ही आपली श्रद्धा आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘आएगी’ला. मृत्यूची बातमी ऐकताच आपण जे म्हणतो, त्यात आपण सगळे त्याच्याकडे परतणार आहोत असं आहे. गेलेला माणूस आपल्याकडे परत येईल असं नाही. मग मुलाला वेगळं का सांगायचं?

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आठवा. हामिदचे आईवडील वारले आहेत. त्याला सांगितलंय की अब्बाजान पैसे कमवायला गेलेत आणि अम्मीजान अल्लाहच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. पोर त्या आशेवर खुश आहे. पण हाच चार-पाच वर्षांचा हामिद दादीची बोटं तव्यावर भाजतात हे लक्षात ठेवून जत्रेत खेळणं न घेता चिमटा विकत घेतो. ज्याला दादीचं दुःख एवढं कळतं, त्याला स्वतःचं कळणार नाही असं मोठ्यांनी कसं ठरवलं? गोष्ट शाळाशाळांत शिकवली जाते, तिच्या सचित्र आवृत्त्याही आहेत. पण आपण चिमट्यावर बोलतो आणि हामिदला सांगितलेल्या खोट्यावरून पुढे निघून जातो.

आपल्या परंपरेत याहून चांगला दाखला आहे. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक लहानसा पक्षी पाळला होता. तो पक्षी मेला. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारून पक्ष्याची चौकशी केली. एका पोराच्या मेलेल्या पक्ष्यासाठी ते थांबले. ते स्वतः जन्माआधीच वडिलांना आणि सहाव्या वर्षी आईला मुकलेले होते. पुढे त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा ते सर्वांसमोर रडले. मुलाशी मृत्यूबद्दल बोलणं आपल्याकडे नवं नाही. आपण ते सोडून दिलं आहे.

बोलायला शब्द सापडत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. अशा वेळी चित्रांचं पुस्तक कामाला येतं. जर्मन चित्रकार वोल्फ एर्लब्रुख यांच्या २००७ सालच्या पुस्तकात एका बदकाला मृत्यू भेटतो. दोघं तळ्यावर जातात, झाडावर चढतात, गप्पा मारतात. शेवटी बदक मरतं आणि मृत्यू त्याला अलगद नदीत सोडतो. इंग्रज लेखक मायकेल रोझेन यांचा मुलगा एडी अठराव्या वर्षी मेंदूज्वराने गेला. २००४ मध्ये त्यांनी त्या दुःखावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं, चित्रं क्वेंटिन ब्लेक यांची. पहिल्याच चित्रात बाप हसताना दिसतो आणि सांगतो की हे हसू खोटं आहे. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने चतुरा राव यांचं एक पुस्तक काढलं आहे, त्यात आजी गेल्यावर नात घरच्यांना ती कुठे गेली म्हणून विचारत राहते.

मराठीला हा विषय परका नाही. ‘श्यामची आई’ १९३५ साली आलं, आणि आईच्या मृत्यूपर्यंत जाणारं ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वाचलं. पण ते वाचता येणाऱ्या मुलांसाठी आहे. पाच वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन दाखवायची चित्रं त्यात नाहीत.

लोक म्हणतात, लहान लेकरांना कशाला रडवायचं? पण मृत्यू आपल्या पुस्तकाची वाट पाहत थांबत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. काठावरच्या गावांतल्या पोरांनी मोठ्यांच्या तोंडून ते सगळं ऐकलं. करोनात आईवडील दोघंही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं, ते योग्यच झालं. पण त्या मुलांच्या प्रश्नांचं काय?

कुणी म्हणेल, माणसांची चित्रं आपल्याला चालत नाहीत. मग चेहरे काढू नका. खुंटीवरची टोपी, उशाजवळची तसबीह, दाराबाहेर पडलेल्या पन्नास चपला, कबरीची ओली माती. मय्यतीच्या घरातल्या मुलाला हेच तर दिसत असतं. मुलींना तर माती पाहायलाही मिळत नाही. त्यांच्यासाठी कब्रस्तान निदान पुस्तकात यावं. आणि पुस्तक मराठीत असावं. घरी दखनी बोलणारं आपलं मूल शाळेत मराठीच वाचतं, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलालाही कळावं की आपल्या दोस्ताच्या घरी काय झालंय.

आपल्याकडे चित्रं काढणारी, लिहिणारी मुलंमुली आहेत. त्यांनी हे काम हाती घ्यावं. ते होईपर्यंत बारामती-इंदापूरच्या शाळांनी आणि मोहल्ल्यातल्या मकतबांनी जी चार-दोन पुस्तकं मिळतात ती आणून ठेवावीत. मय्यतीच्या घरी तीन दिवस शेजारपाजारहून जेवणाचे डबे जातात. घरात लहान मूल असेल तर डब्याबरोबर एक पुस्तकही जाऊ द्या, आणि ते दाखवायला मुलाजवळ घटकाभर बसणारं एक माणूसही.