पाच पाऊण पावणेचार

आमच्या लोहारा तालुक्यातून कोकणात जाणारी गाडी ठरलेल्या वाटेने जाते. तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा, जमलं तर नरसोबाची वाडी आणि शेवटी गणपतीपुळे. समुद्र बघायचा तो पुळ्याच्या देवळासमोर, दर्शन उरकल्यावर, अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात फोटो काढायचे, भेळ खायची, पोरांची ओली चड्डी बदलायची, तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो. घरात एकच मूल असेल तर हेही निभावतं. पण पंधरा, दहा आणि चार अशा वयांची तिघं बरोबर असली की ‘पॉइंट’ मोजत फिरण्यात तिघंही रडकुंडीला येतात आणि आईबापही. एकाच गावी मुक्काम ठोकावा आणि ते गाव समुद्राकाठचं असावं, या मतावर मी आता ठाम आहे.

थोरलीला समुद्र हवाच होता, पण बुसानचा. दक्षिण कोरियातलं हे बंदर आमच्या माकणी गावातल्या दहावीच्या पोरीला कसं माहीत, हे विचारू नका. बीटीएस या तिकडच्या बँडमधले जिमीन आणि जंगकूक तिथले. हेउंदेची चौपाटी, डोंगरउतारावरच्या रंगीबेरंगी घरांचं गामचन, जगालचीचा मासळीबाजार, सगळं तिला पाठ. बुसानशेजारच्या गिमहेला अयोध्येची राजकन्या समुद्रावरून आली आणि तिथली राणी झाली, ही तिकडची दंतकथाही तिनेच मला ऐकवली. घरात पासपोर्ट एकाकडेही नाही, तेव्हा बुसान राहिलं आणि रत्नागिरी ठरली. औशावरून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या नावात नागपूरच्या जोडीला रत्नागिरी आहेच, फक्त आम्ही त्या टोकाला कधी गेलो नव्हतो. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मिरज आल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मधल्याला खिडकीतून बोट दाखवलं, “सोळा साली लातूरला पाण्याची रेल्वे हितनंच सुटायची.” आंबा घाटात धाकटीला व्हायचं ते झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

माकणीची पोरं पाण्याला बुजत नाहीत. निम्न तेरणाचं धरण गावालाच लागून आहे. पण त्या पाण्याशी खेळायचं नाही, एवढं प्रत्येकाला लहानपणापासून बजावलेलं असतं. ते खोल आहे, खाली गाळ आहे. दुष्काळात ते मृतसाठ्यावर येतं तेव्हा मोटारींचे पाइप त्याच्या मागे मागे नेत बसावं लागतं. १९९३च्या भूकंपानंतर तर काही दिवस तो याच पाण्यामुळे झाला असा संशय घेतला गेला. दिवसातून दोनदा आपण होऊन पुढे येणारं आणि दोनदा मागे जाणारं पाणी आमच्या पोरांनी कधी पाहिलं नव्हतं.

मधल्याने पहिल्याच दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि तासाभरात ती बुडाल्यावर हिशेब मागायला सुरुवात केली. आम्ही उतरलो होतो तिथल्या काकांनी त्याला कोकणातला जुना आडाखा सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. दिवाळी नुकतीच सरली होती, त्या दिवशी पंचमी. पोराने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, पण त्याआधीच खुर्चीतून आबांचा आवाज आला, “पाच पाऊण पावणेचार.” आबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. इतकी वर्षं त्यांच्या पाऊणकीला घरात गिऱ्हाईक नव्हतं. दुपारी पावणेचारच्या सुमारास आजोबा-नातू वाळूत उभे राहिले. पाणी सुरूच्या झाडांकडे सरकता सरकता थबकलं आणि मधल्याने आबांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर आजवर फक्त क्रिकेटवाल्यांच्या वाट्याला आली होती. आडाखा ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होतं. पण पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच्यावरच बेतले. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी दहा-साडेदहाला ओहोटी.

ओहोटीची सकाळ धाकटीची. पाणी लांब गेलेलं असतं, ओली वाळू घट्ट असते. छोटे खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळू चाळतात आणि मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात. ती मांडणी बघत चार वर्षांचं पोर किती वेळ उकिडवं बसू शकतं, हे मला तिथे कळलं. पाय टाकला की खेकडा गुडूप, मग पुन्हा श्वास रोखून वाट बघणं. याला तिकीट नाही आणि गाइडही नाही. मोठ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये, परतणारं पाणी माणसाला आत ओढतं आणि भाट्याला काजळी नदीचं मुखही शेजारीच आहे. धरणात पट्टीचा पोहणारा इथे पट्टीचा ठरतोच असं नाही.

रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र, अशी नावं रत्नागिरीकरांनी वाळूच्या रंगावरून ठेवली आहेत. मांडवीची काळी वाळू मधल्याने मोडक्या स्पीकरमधून काढलेल्या चुंबकाला लावली, तर तिच्यातले बारीक कण झुपक्याने चिकटले. आमच्या सोयाबीनच्या रानातली काळी माती ज्या बेसॉल्टची झीज, त्याच खडकातलं लोह इथे वाळूत उतरलं आहे.

थोरली हे सगळं कानात इअरफोन घालून बघत होती. थिबा राजवाड्यातही ती तशीच शिरली. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. बरोबर राणी सुपयालत आणि दोन लहान मुली. तिसरी वाटेत मद्रासला जन्मली, चौथी रत्नागिरीत. चार पोरी, मायदेश समुद्रापार आणि पुढची तीस वर्षं हेच गाव. हा राजवाडा बांधून झाला १९१० साली आणि १९१६मध्ये राजा इथेच वारला. मुलींच्या तोलाची राजघराण्यातली स्थळं कुठून येणार? थोरल्या राजकन्येचा जीव जडला तो राजाच्या पदरी असलेल्या गोपाळ नावाच्या पहारेकऱ्यावर. त्याचं लग्न आधीच झालेलं. त्यांना मुलगी झाली, टूटू. १९१९ साली कुटुंबाला ब्रह्मदेशी परतायची मुभा मिळाली. थोरली राजकन्याही गेली, पण लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच वारली. राजाची ती नात मराठी बोलत, गरिबीत संसार करत इथेच म्हातारी झाली. ती गेली २००० साली.

इअरफोन केव्हा निघाले ते मला कळलंच नाही. “परत कशाला आली असेल गं ती?” एवढंच थोरलीने विचारलं. गोपाळने तिला काय दिलं होतं म्हणून ती आली, हे माझ्याही ध्यानात येईना. रात्री ती मोबाइलवर बराच वेळ वाचत बसली आणि सकाळी थिबाची समाधी बघायचीच म्हणून अडून बसली. मग आम्ही गडी वाटून घेतले. ह्यांनी दोघा लहानांना झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा दाखवायला नेलं आणि आम्ही दोघी रिक्षाने समाधीकडे निघालो. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे हा हट्ट सोडला की भांडणं निम्मी होतात. ‘एकत्र सहल’ म्हणजे चोवीस तास एकाच गाडीत कोंबून बसणं, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे.

आबांनी स्वतःसाठी एकच ठिकाण मागून घेतलं, मिरकरवाड्याचं बंदर. बोटी लागलेल्या, बर्फ फुटतोय, टोपल्या उतरतायत, लिलाव चाललाय आणि त्या चिखलात धोतर वर खोचून आबा. एका मासेवाल्या मावशींना त्यांनी सुरमईचा भाव विचारला आणि ऐकून मागेच सरले.

“कुठून आलात बाबा?”

“माकणीहून. आमच्याकडंबी धरणात मासे हायत. रोहू, कटला.”

“काय भावाने जातो कटला?”

मग दोघांची बाजारभावावर अशी बैठक जमली की मागच्या गिऱ्हाइकाने शेवटी आवाज दिला. सुरमई परवडेना, आबांनी बांगडे घेतले. आम्ही उतरलो होतो तिथल्या काकूंनी ते तळून दिले, वर तांदळाची भाकरी आणि सोलकढी. तिघांना काटे काढून देता देता माझं ताट गार झालं, आणि धाकटीने बांगड्याला हातही न लावता आबांच्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीशी भात खाल्ला.