ऐकू येतंय का, ते आधी विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला निरोप दिला. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले आणि ज्यांना हवी त्यांना आणखी वर्षभराची मुदत मिळाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. डोळस वापरकर्त्यांनी कुरकुर केली, स्टार्टचं बटण मधोमध आणून ठेवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि आठवड्याभरात ते कामाला लागले. अंध वापरकर्त्यांना मात्र एवढ्यावर सुटता येत नाही.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारा प्रोग्राम. विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए, ॲपलमध्ये व्हॉइसओव्हर, लिनक्सवर ऑर्का ही त्यातली मुख्य नावं. इथे माऊसला फारसं काम नसतं. सगळा कारभार कीबोर्डवर चालतो आणि तो बोटांना पाठ झालेला असतो. जॉज किंवा एनव्हीडीए वापरणारा माणूस वेबपानावर एच दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो, इन्सर्ट आणि टी दाबून आपण कुठल्या खिडकीत आहोत ते ऐकतो. तोच माणूस मॅकवर बसला की कंट्रोल आणि ऑप्शन धरून बाणांनी फिरायला लागतो. एखाद्या तक्त्यात शिरायचं तर बहुतेक वेळा आधी 'आत चाललो' असं संगणकाला वेगळं सांगावं लागतं आणि निघताना 'बाहेर पडलो' असंही. ज्याने वीस वर्षं विंडोजवर काढली, तो इथे पहिले काही आठवडे अक्षरशः चाचपडतो, आणि त्या काळात कार्यालयातल्या फायली काही थांबत नाहीत.

आवाजाचंही तसंच. मुरलेले वापरकर्ते इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला नुसती खरखर वाटावी. त्या वेगाला माणसासारखा गोड आवाज टिकत नाही. तिथे इलोक्वेन्स किंवा ईस्पीकसारखा कोरडा, यांत्रिक पण स्पष्ट आवाज लागतो. इलोक्वेन्स हा नव्वदच्या दशकातला आवाज ॲपलने २०२२ मध्ये आयफोन आणि मॅकमध्ये आणला. डोळस ग्राहकांना त्याचा पत्ताही लागला नसेल, पण विंडोज सोडायला कचरणाऱ्या अनेक अंधांची एक मोठी अडचण त्याने दूर केली. मराठीपुरतं बोलायचं तर ईस्पीकच्या आजच्या आवृत्तीत मराठी आहे. उच्चार रोबोटछाप आहेत, पण आवाज फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो.

यापेक्षा अवघड जागा नवी प्रणाली सुरू होण्याच्या आधीच लागते. संगणक चालू केल्यावर दिसणारा बायोसचा पडदा मुका असतो. पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली टाकायची, सिक्युअर बूट बंद करायचं किंवा टीपीएम चालू करायचं, ही कामं जिथे होतात तिथे कुठलाच स्क्रीन रीडर अजून जागा झालेला नसतो. संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या अंध अभियंत्यालाही त्या पाच मिनिटांसाठी कुणा डोळसाला बोलवावं लागतं. पुढचा रस्ता मात्र सुधारला आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नॅरेटर हा विंडोजचाच स्क्रीन रीडर चालतो, मॅकच्या रिकव्हरीत व्हॉइसओव्हर चालतो. डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलर तर सुरुवातीला एक बीप देतो, तो ऐकून एस आणि एंटर दाबलं की पुढची सगळी मांडणी बोलून होते. एका बीपने हे साधतं, तेव्हा बायोस लिहिणाऱ्या कंपन्यांना ते का सुचू नये, हे कोडंच आहे.

या अडचणींना तंत्रज्ञानाचा वेग जबाबदार आहे, असं सांगितलं जातं. इतिहास तपासला तर दोष वेगापेक्षा क्रमाचा दिसतो. आधी प्रणाली बदलायची आणि अंधांचं नंतर बघायचं, असा तो क्रम. डॉसच्या काळात पडद्यावर अक्षरंच असत, त्यामुळे ती वाचून दाखवणं तुलनेने सोपं होतं. आयबीएमच्या जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकात तसा प्रोग्राम बनवला. अपघातात दृष्टी गेलेला मोटरसायकल शर्यतपटू टेड हेन्टर याच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज आणला. मग चित्रांची, खिडक्यांची विंडोज आली आणि पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके आले. ज्यांनी नुकत्याच डॉसवर नोकऱ्या मिळवल्या होत्या, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने विंडोज ९५ खरेदी न करण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने या कामाला गती दिली. तरीही १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ स्क्रीन रीडरांसाठीचा आधार गाळूनच बाजारात आला. ओरड झाल्यावर ४.०१ आवृत्तीत तो परत घालण्यात आला.

आणि गंमत अशी की पुढची चूक याच मॅसॅच्युसेट्सने केली. २००५ मध्ये या राज्याने ठरवलं की १ जानेवारी २००७ पासून सरकारी कागदपत्रं ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात ठेवायची. हेतू चोख होता, कारण जनतेची कागदपत्रं एका कंपनीच्या मुठीत का राहावीत? पण त्या काळच्या ओपनऑफिसचं विंडोजवरच्या स्क्रीन रीडरांशी धड जमत नव्हतं. अंध कर्मचारी आणि त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. आमची नोकरी वर्डवर चालते, ते काढून घेतलंत तर आम्ही काय करायचं, असा त्यांचा रोकडा सवाल होता. खुल्या सॉफ्टवेअरच्या काही समर्थकांनी त्यांना मायक्रोसॉफ्टची प्यादी ठरवलं. हा अन्याय होता. अखेर राज्याला नमतं घ्यावं लागलं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ठेवून त्याला ओपनडॉक्युमेंटचं जोडसॉफ्टवेअर लावायचं ठरलं आणि २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओपनएक्सएमएल स्वरूपही राज्याच्या मान्य यादीत आलं.

या भांडणातून चांगलंही निघालं. ओपनडॉक्युमेंटच्या १.१ आवृत्तीत अंधांसाठीच्या तरतुदी आल्या. आयबीएमने आयॲक्सेसिबल२ नावाची जोडणी तयार करून सर्वांसाठी खुली केली. म्हणजे काम अशक्य नव्हतं, फक्त अंध माणसं अडून बसेपर्यंत कुणी त्याला हात लावला नव्हता.

खुल्या सॉफ्टवेअरच्या दुनियेतली माणसं सहृदय असतात, पण सवय त्यांचीही तीच. लिनक्सवर पडदा रंगवण्याची जुनी पद्धत जाऊन वेलँड आली. एका प्रोग्रामने दुसऱ्यात दाबलेली बटणं चोरून ऐकू नयेत, हा तिचा सुरक्षेचा नियम. योग्यच आहे, पण स्क्रीन रीडरला नेमकं तेच ऐकावं लागतं. फेडोरा या लिनक्स प्रणालीने २०१६ मध्ये वेलँड मूळ पर्याय केला. ऑर्काचे शॉर्टकट वेलँडवर नीट चालावेत म्हणून लागणारी दुरुस्ती आली मार्च २०२५ मध्ये, ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या ४८व्या आवृत्तीसोबत.

'एवढा त्रास आहे तर फुकटचं लिनक्स द्या, पैसे तरी वाचतील', असं आपल्याकडच्या दानशूर संस्थांना अधूनमधून वाटतं. पैशाचा मुद्दा खोटा नाही. जॉजच्या कायमस्वरूपी परवान्याला अमेरिकेत हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. पण त्यावर तोड विंडोजवरच निघाली. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून एनव्हीडीए विकसित केला आणि मोफत वाटला. तो पेन ड्राइव्हवर खिशात घालून कुठल्याही विंडोज संगणकावर चालवता येतो. वेबएम संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत १,५३९ जणांनी उत्तरं दिली. त्यांत जॉज मुख्य स्क्रीन रीडर म्हणून वापरणारे ४०.५ टक्के आणि एनव्हीडीए वापरणारे ३७.७ टक्के होते. लिनक्स वापरणारे होते तीन टक्क्यांच्या आतबाहेर. ज्याला लिनक्सची आवड आहे त्याने ते जरूर घ्यावं, पण दुसऱ्याच्या गळ्यात स्वस्ताई म्हणून बांधू नये.

बदल म्हटला की अंधांचं नुकसानच, असंही नाही. मराठीने केलेला एक बदल अंधांच्या फारच पथ्यावर पडला. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार बघत नाही, त्याचा संकेतांक वाचतो. त्यामुळे डोळसांना सुबक मराठी दिसणारी फाईल अंधाच्या कानात इंग्रजी अक्षरांचा चिवडा ओतायची. युनिकोड आल्यावर डोळसांना पडद्यावर फारसा फरक दिसला नाही, पण अंधांना मराठी वाचता येऊ लागली. आजही कुणी जुन्या फॉन्टमधला मजकूर किंवा कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ पाठवली, की ते दार पुन्हा बंद होतं.

आता आपल्या दारातला प्रश्न. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीचा ऑफिस संच वापरायला सांगितलं. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेलही झोहोच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या. झोहो बरं की मायक्रोसॉफ्ट, हा वाद इथे नको. स्वदेशीचा आग्रह रास्त असू शकतो, जसा मॅसॅच्युसेट्सचा खुलेपणाचा आग्रह रास्त होता. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण ठेवलं आहे आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. त्या जागांवर बसलेली माणसं रोज याच ईमेलमधून आणि याच तक्त्यांतून काम करणार. त्यांच्या बोटांखाली ही यंत्रणा चालते का, हे आदेशावर सही होण्याआधी तपासायला हवं. मंत्रालयापासून महापालिकेपर्यंत ई-ऑफिसचा प्रत्येक नवा टप्पा आणि बँकेच्या ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती यांनाही तेच लागू.

कायद्याची बाजू आता कच्ची राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करावे लागतील. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना सांगणाऱ्या यंत्रणांविरुद्धची ती याचिका होती. अंध वकील अमर जैन यांची याचिकाही तिच्यासोबत होती. न्यायालयाच्या वीस निर्देशांत एक असा आहे की ॲप किंवा संकेतस्थळ घडवताना, नवी सोय आणताना चाचणीच्या टप्प्यातच अंध व्यक्तींना सामील करून घ्यावं. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही तयार आहे.

चाचणीत अंधांना सामील करण्याचा हा नियम केवायसीपुरता न ठेवता सरकारी खरेदीला लावावा. निविदेतच अट घालावी की जॉज आणि एनव्हीडीए वापरणाऱ्या, त्याच खात्यातल्या अंध कर्मचाऱ्यांनी नवी प्रणाली प्रत्यक्ष कामावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे अदा होणार नाहीत. पुरवठादाराने दिलेलं 'सुगम्य आहे' असं प्रमाणपत्र पुरेसं मानू नये. जुनी प्रणाली काही महिने नव्यासोबत चालू ठेवावी, आणि शिकण्यासाठी लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा, रजेत नव्हे. विंडोज १० वरून उठून नव्या संगणकांची मागणीपत्रं तयार करणाऱ्या खातेप्रमुखांनी आणि प्राचार्यांनी ही अट याच वेळी त्यात घालावी. नंतर सुगम्यतेच्या दुरुस्तीसाठी पुरवठादार वेगळं बिल लावेल.